हूं म्हणणारं माणूस

चिनी मातीच्या भांड्यांच्या त्या लांबलचक दालनात मी मोठ्यानं "हूं" म्हणाले आणि शेजारची म्हातारी दचकली.

चूक माझीच. म्युझियमनं दिलेलं यंत्र मी कानाला लावलं होतं. वस्तूसमोरचा आकडा दाबला की त्यातली बाई इंग्रजीतून त्या वस्तूची गोष्ट सांगते. ती म्हणाली, एके काळी इथल्या राजाला चिनी मातीच्या भांड्यांचं वेड लागलं होतं. मी म्हणाले, "हूं." ती म्हणाली, वेड इतकं वाढलं की त्यानं शेजारच्या राजाला आपली पलटण देऊन टाकली आणि बदल्यात ही भांडी घेतली. मी म्हणाले, "हूं!" जरा जोरातच म्हणाले, कारण गोष्टच तशी होती. म्हातारीनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग भांड्याकडं, आणि सरकून लांब जाऊन उभी राहिली.

आता तिला काय सांगणार? की आजीबाई, आमच्याकडं गोष्ट अशी मुकाट ऐकायची नसते. रायगडाच्या पायथ्याला, आमच्या हिरकणीवाडीत, कुणी गोष्ट सांगायला बसलं की ऐकणाऱ्यांतल्या एकानं दर वाक्याला "हूं" म्हणायचं. हूं थांबलं की गोष्ट थांबते. राजा एक पाय रिकिबीत घालून तसाच लटकत राहतो, आणि बाकीची पोरं हूं म्हणणाऱ्याला चिमटे काढून जागं करतात. आमच्या घरात हे काम माझ्याकडं होतं. माझा थोरला भाऊ मंगेश पहिला राजा मरायच्या आत घोरायला लागायचा.

आणि सांगणारा माझा बाबा. श्रीपत गाईड म्हटलं की रोपवेच्या पायथ्यापासून वर जगदीश्वराच्या देवळापर्यंत कुणीही बोट दाखवेल. हातात लोखंडी टोकाची काठी. ती दगडावर टक्कन आपटायची, पाहुण्यांवरून नजर फिरवायची आणि विचारायचं, "पावनं, कुठनं आलात?" गाव कळल्याशिवाय गोष्ट सुरू नाही. पाहुणा साताऱ्याचा असला तर गोष्टीतला शूर मावळा साताऱ्याकडचा, नाशिकचा असला तर नाशिककडचा. सनावळीच्या बाबतीत बाबाचा हात सढळ. मी शाळेत असताना एकदा पाहुण्यांदेखत त्याचं साल दुरुस्त केलं, तर म्हणाला, "साल तुजं बरोबर. पन पाऊस माज्या गोष्टीत पडतो." पाहुणे हसले.

लोणेऱ्याला इंजिनिअरिंग करून मी पाण्याच्या अभियांत्रिकीचं पुढचं शिकायला जर्मनीत, ड्रेस्डेनला आले. सावित्री नदीचा पूर दरसाल महाडच्या बाजारपेठेत घुसतो, त्याचं काहीतरी करीन असं अर्जात लिहिलं होतं. इथं आल्यावर पहिले काही महिने म्युझियमं पाहिली ती हौसेनं. चिलखतांचं पाहिलं, जुन्या आगगाड्यांचं पाहिलं, चित्रांचं दोनदा पाहिलं. जानेवारीनंतर पाहिली ती एका जागी बूड टेकत नव्हतं म्हणून. खोलीत बसलं की भिंती अंगावर यायच्या, लायब्ररीत बसलं की पुस्तकातली ओळ पुढं सरकायची नाही. म्युझियममध्ये निदान चालत राहता येतं, आणि कुणी विचारत नाही की बाई, तू चाललीस कुठं.

झालं होतं ते असं. दिवाळीपासून बाबाचा आवाज बसला होता. सीझन, गर्दी, थंडी, होतंच असं. आई हळद-दूध देत राहिली, ज्येष्ठमध चघळायला लावत राहिली. महाडच्या डॉक्टरांनी घशात पाहिलं आणि लगेच मुंबईला पाठवलं. मंगेश डोंबिवलीला असतो, त्यानंच बाबाला तिथल्या दवाखान्यात फिरवलं. रिपोर्ट आल्यावर त्याचा मला फोन आला.

"अनू, गाठ चांगली नाय. स्वरयंत्र काढायला लागनार. डॉक्टर बोलला, जीव वाचेल. आवाज नाय वाचनार."

मी तेव्हा आगगाड्यांच्या म्युझियममध्ये एका काळ्या इंजिनासमोर उभी होते. फोन ठेवल्यावर मी त्या इंजिनाची पाटी वाचायला घेतली. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचली. त्यातलं एक अक्षर आज मला आठवत नाही.

मी येते म्हणाले, तर बाबानं मंगेशच्या हातातून फोन ओढून घेतला. आवाज फाटक्या पत्र्यासारखा झाला होता, पण रागवायला पुरत होता. "तुजी परीक्षा हाय ना? मंग? मी काय मरायला लागलोय काय? डॉक्टर सोता बोलला, जगतोस म्हनून. तू हितं येऊन काय माजा गळा धरून बसनार?"

जाऊ नये हे मला पटत होतं आणि त्याचाच मला संताप येत होता. बाबाचा आवाज जाणार, म्हणजे नेमकं काय जाणार हे घरात कुणाच्या ध्यानात येतंय की नाही, मला कळेना. सगळे जिवाचं बोलत होते. जीव तर वाचायलाच हवा, त्यात वाद नाही. पण तो गड, त्या गोष्टी, ते "पावनं, कुठनं आलात", ते कुठं ठेवणार? इथं एका फुटक्या बशीला काचेचं कपाट आहे, कुलूप आहे, वर दिवा आहे. माझ्या बाबाच्या आवाजाला एक साधी चिंधी बांधायची कुणाला सुचत नव्हती.

मी मंगेशला हुकूम सोडला. ऑपरेशनच्या आधी बाबाचा सगळा गड रेकॉर्ड कर. पहिल्या पायरीपासून टकमक टोकापर्यंत.

"तू उंटावरनं शेळ्या हाक," मंगेश म्हणाला. पण केलं बिचाऱ्यानं. शनिवारी गावी गेला, अंगणात खुर्ची टाकली, बाबाला नवा सदरा घालून बसवलं आणि समोर स्टँडवर मोबाइल लावला. तो व्हिडिओ माझ्याकडं आहे. बाबा मोबाइलकडं बघतो. मोबाइल बाबाकडं बघतो. मागून मंगेशचा आवाज येतो, "बोल ना."

"कुनाला?"

"ह्या मोबाइलला."

"तो हूं म्हननार काय?"

मंगेश म्हणतो, मी म्हणतो हूं. बाबा सुरू करतो. दोन-तीन वाक्यं होतात, मंगेशचे हूं पडतात, आणि बाबा गप्प होतो. "ह्या हूंमधी जीव नाय. तू मोबाइलमधी बघतोयस, गोष्टीत नाय." मागं आई हसते. बाबा उठून सदरा काढायला घरात जातो आणि चित्रात नुसती खुर्ची राहते.

मी मंगेशशी भांडले, आईशी भांडले. बाबाशी भांडायला गेले तर तो म्हणाला, "अगो, गडावरचं गडावरच सांगायचं असतंय. अंगनात बसून सांगितलं तर त्या गप्पा झाल्या." ऑपरेशनची तारीख जवळ येत होती. मी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने उलटसुलट केले, प्राध्यापकबाईंनी मला घरी जाऊन झोपायला सांगितलं, आणि मी घरी न जाता आणखी एका म्युझियममध्ये शिरले.

ते माणसाच्या शरीराचं म्युझियम होतं. मधोमध काचेचं माणूस उभं. बटण दाबलं की आतला तो तो अवयव उजळायचा. शाळेची पोरं काळीज, पोट, आतडी दाबून खिदळत होती. ती गेल्यावर मी स्वरयंत्राचं बटण शोधलं. दाबलं. मानेत एवढासा दिवा लागला. सुपारीएवढाही नसेल. एवढ्याशा जागेतून बाबा गर्दीच्या दिवशी गडावरच्या अख्ख्या होळीच्या माळावर ऐकू जायचा! बटण सोडलं की दिवा विझायचा, म्हणून मी ते दाबूनच उभी राहिले. मागं माणसं खोळंबली, कुणीतरी जर्मनमधून काहीतरी म्हणालं, तेव्हा हात काढला.

बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले आणि तिथंच सुचलं. इतकं साधं, की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. बाबाला मोबाइल नको होता. बाबाला हूं म्हणणारं माणूस हवं होतं. ते काम माझं होतं.

रविवारी माझी सकाळ होती आणि त्यांची दुपार. बाबा एकटाच रोपवेनं वर गेला. मंगेश सोबत येतो म्हणाला, त्याला नको म्हणाला. वरून त्यानं मला कॉल केला, मी तो रेकॉर्डिंगला लावला. त्या दिवशी मला घरात थांबायचं नव्हतं, म्हणून मी चिलखतांच्या म्युझियममध्ये होते. तो त्याच्या गडावर चालणार, तर मीही कशातून तरी चालायला हवं होतं.

कानात टक्कन काठी वाजली. "पावनं, कुठनं आलात?"

"ड्रेस्डेनहून."

"लई लांबचं पावनं." आणि मग खरखरत, घोट घेत, थांबत तो सुरू झाला. मावळा ड्रेस्डेनचा करता येईना, म्हणून त्या दिवशी त्यानं तो हिरकणीवाडीचाच ठेवला.

मी हूं म्हणत चिलखतांमधून चालत होते. तिसऱ्या-चौथ्या हूंला रखवालदार आला. इथं फोनवर बोलायचं नाही, असं त्यानं बोटानं सांगितलं. मी बोलत नाहीये हो, ऐकतेय, असं मी त्याला हातानं सांगितलं आणि नेमकं तेव्हाच तोंडातून हूं निघालं. त्यानं दार दाखवलं. बाहेर चौकात बर्फ पडून कडक झालं होतं. मी तिथं गोल गोल फिरायला लागले.

गडावर रेंजचा भरवसा नाही. गंगासागर तलावापाशी आवाज तुटला. परत आला तेव्हा बाबा तिथंच उभा होता. "हाय का गो?"

"हाय, हाय. तलावापर्यंत आलास."

"मी थांबलो. हूं आला नाय म्हनून."

असं कितीदा झालं! रेंज जायची, तो थांबायचा, "हाय का गो?" विचारायचा, आणि मी हाय म्हटल्यावर तुटलेलं वाक्य पहिल्यापासून सांगायचा. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे बाबा, थांबू नको, बोलत जा, रेकॉर्डिंग चालू आहे, तुझा आवाज संपत चाललाय. पण तसं म्हटलं असतं तर तो मोबाइलशी बोलायला लागला असता, म्हणजे गप्प झाला असता.

मग राजसभा आली. तिथं नगारखान्यापाशी कुणी हळू पुटपुटलं तरी पार सिंहासनाच्या जागेपाशी ऐकू येतं. बाबाची ती हुकमी गंमत. पाहुण्यांना सिंहासनाच्या बाजूला उभं करायचं, आपण नगारखान्यापाशी जायचं, तोंड फिरवून काहीतरी पुटपुटायचं आणि परत येऊन विचारायचं, "काय बोललो, सांगा." बोलायचा एकच, "पावनं, चा पाजा." मोठमोठे साहेब त्यावर पोर होऊन हसायचे.

"मोबाइल हितं दगडावर ठेवतो," तो म्हणाला. "आयक हां."

काठी टक टक करत लांब गेली. वारा येत होता. मी चौकात थांबले, दुसरा कान बोटानं बंद केला. चहा पाजा म्हणाला की काय उत्तर द्यायचं तेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

"अनू," एवढंसं ऐकू आलं. मग थोडं थांबून, "भ्या वाटतंय गो."

मी हूं म्हणाले. लगेच म्हणाले, नकळत. पण तो तिकडं नगारखान्यापाशी होता आणि माझं हूं इकडं दगडावर पडलं. ज्या एका वाक्याला ते पोचायला हवं होतं, त्याच वाक्याला पोचलं नाही. मी आयुष्यात इतकी असहाय कधी झाले नव्हते. बाबा घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. साप निघाला तरी तो आधी त्याची जात सांगायचा.

काठी परत आली. मोबाइल उचलल्याचा खरखराट झाला. "आयकू आलं काय? काय बोललो, सांग."

मला ते वाक्य म्हणून दाखवता आलं असतं. मग ते त्याला माझ्या तोंडावर बोलल्यासारखं झालं असतं, आणि ते टाळायलाच तर तो चालत लांब गेला होता. ऐकू आलं नाही म्हणावं, तर तो तिकडं एकटाच राहिला असता.

"हूं," मी म्हणाले.

नुसता वारा येत होता. मग त्यानं घसा साफ केला. "मंग चल," म्हणाला, "बाजारपेठ ऱ्हायली."

ऑपरेशन नीट झालं. गाठ सगळी निघाली, डॉक्टर खूश, मंगेशचा आवाज किती दिवसांनी सैल झाला. बाबाला गावी आणलं. मानेला भोक, त्यातून श्वास, वर पांढरं फडकं. मी व्हिडिओ कॉल केला की तो हातानं मोबाइल बाजूला सारायचा. आई म्हणायची, थकलेत ते. मंगेश म्हणायचा, लिहून दे की बाबा काहीतरी. पाटी आणली, खडू आणला. बाबानं पाटी खाटेखाली सरकवली.

"काठी कोपऱ्यात उभी केल्यापास्नं हात लावला नाय बघ," आई एकदा म्हणाली. "खिडकीतनं गडाकडं पन बघत नायत."

रागानं माझा तिळपापड झाला. एवढा जीव वाचवला तो असा भिंतीकडं तोंड करायला? राग कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून ते रेकॉर्डिंग लावलं. इतके दिवस लावायचा धीर झाला नव्हता. आणि त्यात गड नव्हताच हो! तटबंदी अर्धी, दरवाजे निम्मे, सालं तर सगळी चुकीची. पुन्हा पुन्हा येत होतं ते एकच, "हाय का गो?" आणि मागं माझं, "हाय, हाय." मी एवढा आटापिटा करून जे कपाटात ठेवलं होतं, त्यात गड कमी आणि आम्ही दोघंच जास्त होतो. त्यातला नगारखान्याचा भाग मी पुढं सरकवला. तो पुन्हा ऐकायचा नाही हे माझं मीच ठरवलं.

रविवार होता. मी भांड्यांच्या म्युझियमसमोरच्या बाकावर जाऊन बसले. बर्फ वितळून सगळीकडं चिखल झाला होता. आईला फोन लावला.

"स्पीकर कर आणि खाटेवर ठेव."

"ते भिंतीकडं तोंड करून हायत."

"असू दे. कान आहेत ना दोन्हीकडं?"

आईनं ठेवला. मी घसा साफ केला, अगदी त्याच्यासारखा. "पावनं, कुठनं आलात?" मी विचारलं. उत्तर येणार नव्हतंच, म्हणून माझं मीच दिलं. "हिरकणीवाडीहून? लई लांबचं पावनं. तर ऐका. या गावात एक राजा होता. त्याला भांड्यांचं वेड लागलं."

आणि मी थांबले.

मला पुढचं वाक्य येत होतं. पलटण, शेजारचा राजा, सगळं पाठ होतं. पण समोरून काही आलं नाही, आणि माझी जीभ उचलेना. तेव्हा मला कळलं, बाबा अंगणातल्या त्या खुर्चीतून का उठला होता. हे नखरे नव्हते. खरंच पुढं जाता येत नाही.

"आयकतायत ते," आई हळूच म्हणाली. "सांग ना गो. भांड्याचं काय?"

"तू नको, आई."

बाकासमोरून माणसं जात होती. राजा वेड लागून तसाच उभा होता. मी तशीच बसून राहिले, पाय हलवत, ओठ चावत. आता फोन ठेवावा, असं शंभरदा वाटलं. तिकडं खाट करकरली. काहीतरी घासटल्यासारखं झालं. आई म्हणाली, "अवो, सावकाश, मी देते," आणि मग तिचाही आवाज थांबला.

टक.

लोखंड लादीवर. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

"तर त्या वेडापायी," मी म्हणाले, आणि माझा आवाज बाबापेक्षा फाटका निघाला, "त्यानं आपली आख्खी पलटण शेजारच्या राजाला देऊन टाकली."

टक.

"आणि बदल्यात काय घेतलं? तर मडकी!"

टक टक. आई हसली. मी उठले आणि चिखलातून चालायला लागले, कारण बसून सांगायची ती गोष्टच नव्हती. त्या पलटणीत मी एक शिपाई हिरकणीवाडीचा घातला. साल मला नीट माहीत होतं, तरी चुकीचं सांगितलं. मध्येच ट्राम खडखडत गेली, फोनमध्ये खरखर झाली आणि तिकडचं सगळं बंद पडलं.

मी थांबले. फोन कानाशी घट्ट धरला.

"हाय का रे, बाबा?"

टक.